बंद पीसीतला जागा कॉम्प्युटर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशिन्सना कंपन्यांच्या टेबलांवर त्यामुळे जागा उरली नाही. हिंजवडी-खराडीकडचे ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर पुणे-नाशिक रस्त्याने वर येतात आणि मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, जुन्नर, घोडेगावच्या दुकानांत लागतात. माल चांगला असतो. एसएमपीएस दणकट, मदरबोर्ड भरवशाचा, वर एक एसएसडी टाकली की पाच वर्षांची निश्चिंती. पतसंस्थेचा काउंटर, महा ई-सेवा केंद्र, बाजार समितीतल्या आडत्याचा गाळा, शाळेची लॅब, सगळीकडे हाच डबा दिसतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची चूल त्यावर पेटते, तेव्हा त्याला नावे ठेवायला हे संपादकीय लिहिलेले नाही.

मात्र हा डबा मुळात घरगुती पीसी नाही. तो हजारो मशिन्स एका जागेवरून सांभाळणाऱ्या आयटी विभागासाठी बनवलेला आहे, आणि ही गोष्ट आपण ग्राहकाला सांगत नाही. कॅबिनेटवरचा व्हीप्रोचा स्टिकर दाखवून 'बिझनेस क्लास आहे साहेब' म्हणतो आणि विषय संपवतो.

तो स्टिकर काय सांगतो ते नीट पाहू. इंटेलच्या चिपसेटमध्ये 'मॅनेजमेंट इंजिन' नावाचा एक स्वतंत्र छोटा प्रोसेसर असतो. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते, स्वतःची मेमरी असते आणि लॅनपर्यंत स्वतःची वाट असते. व्हीप्रो मशिनमध्ये त्याच्यावर एएमटी, म्हणजे ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, चालते. विंडोज बसलेली नसली, हार्डडिस्क काढून ठेवली, पीसी शटडाउन केला, तरी भिंतीतला स्विच चालू आणि लॅनची केबल लागलेली असेल तर हे इंजिन जागे राहू शकते. दुसरीकडे बसलेला माणूस त्यातून मशिन चालू करू शकतो, बायोसमध्ये शिरू शकतो, आपल्याकडची आयएसओ फाइल लावून त्यावरून बूट करू शकतो आणि पडदाही पाहू शकतो. अँटिव्हायरसला यातले काही दिसत नाही, कारण अँटिव्हायरस विंडोजच्या आत असतो आणि हे सगळे तिच्या खाली घडते. रात्री शटर ओढताना बंद पीसीच्या मागे लॅनचा दिवा लुकलुकताना आपण रोज पाहतो. बहुतेक वेळा ते साधे वेक-ऑन-लॅन असते. नेहमीच तेवढे असेल असे नाही.

१ मे २०१७ ला इंटेलने जाहीर केलेला दोष या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ हवा. सुरक्षा-दोषांच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-५६८९. एएमटीच्या वेबपानावर लॉगिन करताना पासवर्डाचे थेट अक्षर जात नाही, त्यापासून बनवलेले उत्तर जाते. आलेले उत्तर तपासताना प्रोग्रामने तुलनेची लांबी समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरवली होती. म्हणजे समोरच्याने रिकामे उत्तर पाठवले की शून्य अक्षरांची तुलना होई, आणि शून्य अक्षरे नेहमीच जुळतात. दार उघडे! आवृत्ती ६ पासून ११.६ पर्यंतच्या एएमटीमध्ये हा घोळ होता. म्हणजे पहिल्या पिढीच्या कोअर आय मशिन्सपासून सातव्या पिढीपर्यंत. नेमका तोच माल, जो आज आपल्या रॅकवर आहे. दुरुस्त फर्मवेअर ओळखायची खूण सोपी आहे: आवृत्तीच्या शेवटचा चार आकडी भाग ३ ने सुरू होतो, उदाहरणार्थ ११.०.२५.३००१. बायोस अपडेट करताना हा आकडा पाहणारे आपल्यात किती आहेत?

त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की 'प्लॅटिनम' हे नाव तिने ज्या टोळीला दिले आहे, ती आग्नेय आशियात एएमटीच्या सिरियल-ओव्हर-लॅन सोयीतून फाइली हलवत होती. तिथे कुठला दोष वापरलेला नव्हता. सोय होती, ती वापरली. मशिनच्या फायरवॉलला त्या वाहतुकीचा पत्ताच नव्हता. पुढे जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअरच्या संशोधकाने दाखवले की मशिन अर्धा मिनिट हाती लागले तरी पुरते. बूट होताना कंट्रोल आणि पी दाबायचे, एमईबीएक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या मांडणीच्या, निळ्या-करड्या पडद्यावर कारखान्याचा पासवर्ड 'ॲडमिन' टाकायचा, नवा पासवर्ड ठेवून एएमटी चालू करायची. बायोसला पासवर्ड असला तरी अनेक मशिन्सवर ही वाट मोकळी होती.

आता आपल्या टेबलावर या. रिफर्बिश्ड मशिन आले की आपण डिस्क पुसतो, नवी एसएसडी लावतो, विंडोज टाकतो आणि मशिन 'कोरे' झाले असे मानतो. पण एएमटीची मांडणी डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते. जुन्या कंपनीने मशिन आपल्या व्यवस्थेत बांधलेले असेल आणि विकताना सोडवले नसेल, तर ते बंधन मशिनबरोबर घोडेगावपर्यंत येते. काही मांडण्यांमध्ये बाहेरून कोणी आत यायची गरजही नसते, इंजिन स्वतःच इंटरनेटवरून जुन्या मालकाच्या सर्व्हरला हाक मारते. त्यामुळे 'आमचा राउटर आहे, बाहेरून कोण येणार' हे उत्तर पुरत नाही.

तपासणीत एक फसगत होते. त्याच पीसीवर बसून स्वतःचे पोर्ट स्कॅन केले तर बहुधा काहीच सापडत नाही, कारण एएमटीकडे जाणारी पाकिटे लॅनच्या चिपवरच बाजूला काढली जातात, विंडोजपर्यंत पोचत नाहीत. तपासायचे ते शेजारच्या मशिनवरून. ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी, पुढे कोलन (:) आणि १६९९२ टाका; एन्क्रिप्टेड जोडणीसाठी १६९९३. लॉगिनचे पान उघडले तर एएमटी चालू आहे. मग पीसी शटडाउन करा आणि तेच पान पुन्हा उघडून पाहा. त्यानंतर एमईबीएक्समध्ये जाऊन पूर्ण अनप्रोव्हिजन करायचे, म्हणजे जुने बंधन सोडवायचे, पासवर्ड बदलायचा आणि ग्राहकाला ही सोय नको असेल तर ती बंद करायची. जुन्या पासवर्डामुळे आत जाता येत नसेल तर काही मॉडेल सीएमओएसची बॅटरी काढल्यावर मोकळी होतात, काही होत नाहीत. जी होत नाहीत ती पुरवठादाराला परत करा, किंवा साधे वेगळे लॅन कार्ड लावून ऑनबोर्ड लॅन रिकामे ठेवा. एएमटीला इंटेलचे स्वतःचे नेटवर्क लागते. वायफायही इंटेलचे असेल तर तिकडेही लक्ष हवे.

या विषयावर कट-कारस्थानाच्या गप्पा फार रंगतात. इंटेलने हेरगिरीसाठीच हे बसवले, असे छातीठोक सांगणारे भेटतात. त्याचा पुरावा नाही. बहुतेक नव्या मशिन्सवर एएमटी कारखान्यातून बांधलेल्या अवस्थेत येत नाही, आणि तोवर तिचे पोर्ट उघडत नाही, हेही खरे. पण कोड बंदिस्त आहे आणि त्याचे अधिकार आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरपेक्षा वरचे आहेत. २०१७ मध्ये बाहेर आले की आवृत्ती ११ च्या इंजिनात मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ती लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी इंटेलला खुले पत्र लिहिले; हे बाहेर येईपर्यंत त्यांनाही याची कल्पना नव्हती. त्याच वर्षी पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेला इंजिन बरेचसे निष्क्रिय करणारा एक छुपा बिट सापडला. तो अमेरिकी सरकारच्या एका सुरक्षा-योजनेसाठी ठेवलेला होता. म्हणजे ज्यांना बंद करून हवे होते त्यांच्यासाठी सोय होती. बाजारातल्या गिऱ्हाइकासाठी नव्हती. एवढे वाचून ग्राहकाच्या मशिनवर फ्लॅश प्रोग्रामर लावायला धावू नका. इंजिनाचे फर्मवेअर चुकीचे छाटले तर मशिन चालू होतच नाही, किंवा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते. स्वतःच्या मशिनवर शिका. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना प्रकल्पासाठी याहून चांगला विषय सापडणार नाही.

सर्व्हरची गोष्ट अधिक वाईट आहे, कारण तिथे हा दुसरा कॉम्प्युटर लपलेलाही नाही. त्याला बीएमसी म्हणतात. डेलमध्ये त्याचे नाव आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ. जुन्या आयड्रॅकचे कारखानी नाव 'रूट' आणि पासवर्ड 'कॅल्विन', सुपरमायक्रोच्या जुन्या बोर्डांवर दोन्हीकडे 'ॲडमिन'. हे जगाला तोंडपाठ आहे. आयएलओ ४ मध्ये २०१७ साली असा दोष निघाला की विनंतीच्या एका ओळीत इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा पाठवले की पासवर्ड लागत नसे. २०१८ मध्ये खंडणीखोरांनी बीएमसीतून सर्व्हर बूट करून डिस्का कुलूपबंद केल्या. २०२५ च्या मार्चमध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये लॉगिन टाळता येणारा दोष जाहीर झाला, आणि जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तो प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातला. 'आपण ती मॅनेजमेंटची केबल लावलीच नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: सुपरमायक्रोच्या अनेक बोर्डांवर त्या खास पोर्टला केबल नसेल तर बीएमसी गुपचूप पहिल्या साध्या लॅनवर येऊन बसते.

आणि ही दारे इंटरनेटवर कोण उघडतो? बऱ्याचदा आपणच. पावसाळ्यात मंचरहून तळेघरला किंवा जुन्नरहून घाटघरला एका अडकलेल्या सर्व्हरसाठी जायचे म्हणजे दिवस गेला. म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ठेवायचा, पासवर्ड सगळ्या ग्राहकांना एकच, आणि तो आपल्याकडून सोडून गेलेल्या पोरालाही माहीत. दुरून काम करण्यात काही वावगे नाही. बिबट्याच्या पट्ट्यात रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला शेतकरी बाहेर पडत नाही, खाटेवरून मोबाइल स्टार्टरला रिंग देतो, आणि शहाणपणाच करतो. पण त्याला आपल्या पेटीतले सिम माहीत असते आणि रिंग कोणाच्या नंबरवरून चालते तेही. आपल्या पतसंस्थेच्या चेअरमनला यातले काहीच माहीत नसते. व्हीपीएन टाका, बीएमसीला वेगळा व्हीलॅन द्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा आणि तो बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत राहू द्या. दोन तासांचे काम आहे.

दुरून यंत्रे चालवण्याचे मोठे उदाहरण आपल्या तालुक्यातच उभे आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत आणि ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती नियंत्रण कक्षातून फिरवल्या जातात. तिथे रिमोट हीच यंत्रणा आहे, आणि ती कुठून कुठे जाते हे चालवणाऱ्यांना ठाऊक असते. या क्षेत्रातही धक्के बसले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि निरीक्षणे दीड महिन्याहून अधिक बंद राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॉयरलॅब या खगोलसंस्थेवर तीच वेळ आली, तेव्हा काही दुर्बिणींची दुरून हाताळणी तोडून माणसांना जागेवर जाऊन काम करावे लागले. दुर्बिणीला असा एक मागचा रस्ता राहतो. आपण बसवलेल्या सर्व्हरला तो राहतो का, हे बसवतानाच पाहायला हवे.

'आमची एवढीशी संस्था, आमच्याकडे कोण येतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तिथे हार्डवेअरचे इंजिन वापरले नव्हते. एटीएमच्या खऱ्या स्विचच्या जागी चोरांचा खोटा स्विच होकार देत बसला होता. पण ज्या थराकडे कोणी पाहत नाही तिथे बसायचे, ही रीत तीच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. पतसंस्था मात्र सहकार खात्याखाली येतात, आणि त्यांच्या लेखापरीक्षणात पावती पुस्तके तपासली जातात, एमईबीएक्स नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना २०२५ च्या एप्रिलपासून हार्डवेअर आणि फर्मवेअरची सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली. ज्या जुन्या पीसीवर सभासदांचे आधार, सातबारा आणि सह्यांचे नमुने आहेत, त्याला कोणी विचारत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी राखण न केल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, आणि सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. नोटीस संस्थेच्या नावाने येईल. त्यानंतर व्यवस्थापक पहिला फोन मशिन लावणाऱ्याला करील.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि या कामाची टाळाटाळ तिथेच होते. मशिनमागे पाव तास जादा जातो आणि शेजारचा दुकानदार तो न घालवता दोनशे रुपयांनी स्वस्त देतो. म्हणून ही तपासणी फुकटात 'करून देऊ' नका. विंडोज टाकण्याचे जसे लावता तसे बिलात वेगळी ओळ लावा: मॅनेजमेंट इंजिन तपासले, फर्मवेअर आवृत्ती अमुक, एएमटी बंद केली, तारीख, सही. सर्व्हर असेल तर बीएमसीचा आयपी आणि फर्मवेअर त्याच कागदावर लिहा. एएमसीच्या करारातही हीच ओळ घाला, म्हणजे दरवर्षी आकडा पुन्हा पाहिला जाईल. पुरवठादाराकडून गठ्ठ्याने माल उचलताना 'एएमटी अनप्रोव्हिजन करून द्या' हे चलनावर लिहून मागा. चार दुकानदारांनी मागितले तर पुण्यातला व्यापारी कुरकुरेल. चाळीस जणांनी मागितले तर करून देईल.