बाळ कर्वे यांच्यासाठी हळहळ पुरेशी नाही



दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव’ मालिकेत गुंड्याभाऊ साकारणारे बाळ कर्वे २८ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. त्यांच्यावरचे लेख वाचले, ओळखीपाळखीच्या माणसांशी बोलणं झालं. सगळीकडे सूर एकच होता. गुंड्याभाऊ गेले आणि त्यांच्याबरोबर तो साधासुधा काळही गेला. तेव्हा माणसं निर्मळ होती, गरजा थोड्या होत्या, म्हणून करमणूकही निर्मळ होती. कर्वे यांच्यावर माझंही तितकंच प्रेम आहे, पण या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. ‘चिमणराव’सारखी मालिका काळाच्या पुण्याईने झाली असं मानलं, की ज्यांनी ती खपून उभी केली त्यांचं श्रेय हिरावून घेतलं जातं. शिवाय काळच सरला म्हटल्यावर, त्यातलं जे उरलंय ते राखायची जबाबदारी आपल्यावर राहत नाही.

मुळात तो काळ साधा होता, हेच खरं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हा महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. जून १९७५ ते मार्च १९७७ आणीबाणी होती. दूरदर्शन सरकारी, वाहिनी एकच, आणि त्यावर काय दिसावं हे दिल्ली ठरवणार. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, गॅससाठी नंबर लावायचा, रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं, टीव्ही घेतला तर त्याचा परवाना काढायचा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांची चूल थंडावली. हे सगळं त्याच ‘निर्मळ’ काळात घडलं.

आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात संच होता. चाळ मिळून कार्यक्रम पाहायची, हे खरंच आहे आणि त्याच आठवणीचं आज मोठं कौतुक होतं. पण त्या खोलीत कोण कुठे बसायचं, हेही मला स्पष्ट आठवतं. यजमानांच्या स्नेह्यांना खुर्च्या, आम्हा मुलांना सतरंजी. बायका स्वयंपाकघराच्या दारात, अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलं गॅलरीत उभी राहून खिडकीच्या गजांतून बघायची. त्यांना कुणी ‘आत या’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तो काळ किती छान होता, हे ठरवताना त्या मुलांचं मतही विचारात घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ‘चिमणराव’ ही मालिका दाखवली गेली तेव्हाच ती जुन्या काळाची होती. चि. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले ते स्वातंत्र्यापूर्वी. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटातून ही जोडी १९४० सालीच पडद्यावर आली होती. म्हणजे सत्तरीच्या दशकातला प्रेक्षक मालिका बघताना आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पुण्याकडे बघून उसासे टाकत होता. आणि त्या पुण्यातल्या चिमणरावाची तरी काय कथा? कारकुनाचा पगार, वाढता संसार, आल्यागेल्याचा राबता, चार लोकांत इज्जत राखायची धडपड. त्याच्या प्रत्येक फजितीच्या मुळाशी ओढाताण आहे. जोशींनी ती ओढाताण डोळे उघडे ठेवून पाहिली आणि तिच्यातून हसू काढलं. त्यांच्या विनोदाला आपण निरागस म्हणतो तेव्हा त्यांच्या नजरेवर अन्याय करतो.

मग ती मालिका चांगली कशामुळे झाली? माझं उत्तर असं आहे. तिच्याखाली कसदार साहित्य होतं. पाली भाषेचे व्यासंगी अभ्यासक असलेल्या जोशींनी घडवलेली ही माणसं वाचकांच्या दोन पिढ्यांनी आधीच आपली मानली होती. विजया जोगळेकर-धुमाळे यांच्यासारख्या निर्मातीने ते साहित्य छोट्या पडद्यावर आणण्याची जोखीम घेतली. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे दोघेही नाटकात तयार झालेले नट होते. संकलनाच्या सोयी तुटपुंज्या असल्याने लांबलांब प्रसंग एका दमात वठवावे लागत, आणि तालमी घासल्याशिवाय ते जमणारं नव्हतं. एक किडकिडीत आणि धांदरट, दुसरा आडव्या अंगाचा, मिशाळ आणि तापट. नुसती ही जोडी समोर उभी राहिली तरी हसू यायचं, पण दर आठवड्याला प्रेक्षक परत येत होता तो त्या दोघांमधल्या जिव्हाळ्यासाठी. गुंड्याभाऊ चिमणरावावर ओरडतो तेव्हाही तो त्याच्याच बाजूचा आहे, हे कर्वे यांच्या डोळ्यांत दिसायचं.

कर्वे पेशाने अभियंते होते. मुंबई महापालिकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि ती सांभाळून रंगभूमीवर काम केलं. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी तालीम, हे वर्षानुवर्षं करायला जी चिकाटी लागते ती कुठल्याही काळाने कुणाला आयती दिलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं मान्य. पण आज तसं काही होत नाही, हे तरी खरं ना? होत नाही, याचं कारण आजची माणसं बिघडली हे नव्हे. आजच्या दैनंदिन मालिकेतल्या नटाला अनेकदा सकाळी सेटवर प्रसंग हातात मिळतो आणि रात्रीपर्यंत अख्खा भाग उरकायचा असतो. कथा किती लांबवायची, हे लेखकाऐवजी टीआरपी ठरवतो. याच नटांना आणि लेखकांना मोजके भाग, पूर्ण लिहिलेली संहिता आणि तालमीला वेळ द्या, ते उत्तम काम करतील. नाटकांत ते आजही करून दाखवत आहेत. सार्वजनिक वाहिनी असते ती अशाच कामासाठी. नफ्याची घाई नसलेल्या वाहिनीने उत्तम मराठी साहित्यावर वर्षाला एखादी नेटकी मालिका करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्या मालिकेसाठी आपण हळहळतो, तिचे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. त्या वेळी चित्रफिती महाग होत्या, म्हणून एका कार्यक्रमाचं चित्रण पुसून तीच फीत दुसऱ्यासाठी वापरली जाई. केवळ ‘चिमणराव’च नव्हे, तर त्या वर्षांतल्या कितीतरी नाट्यप्रवेशांचं, मुलाखतींचं आणि गाण्यांचं हेच झालं. ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या आपल्या लाडक्या मालिकेचे असंख्य जुने भाग असेच पुसले होते. पुढे मात्र तिथे परदेशी केंद्रांकडे आणि खासगी संग्राहकांकडे चिकाटीने शोध झाला. नायजेरियात सापडलेले नऊ भाग २०१३ मध्ये पुन्हा लोकांसमोर आले. जे भाग सापडले नाहीत त्यांचा आवाज तरी उरला आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता.

असा शोध मराठीसाठी कोण घेणार? चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रसार भारतीचा संग्रह विभाग आहे आणि त्यातलं काही यूट्यूबवर आलंही आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा मंचही सुरू केला. म्हणजे जागा आहे, तंत्र आहे. प्रेक्षकही आहे, हे टाळेबंदीत मार्च २०२० मध्ये ‘रामायण’ पुन्हा दाखवलं तेव्हा दिसून आलं. त्यातच ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेचं जतन म्हणजे फक्त ताम्रपट आणि पोथ्या नव्हेत. दूरदर्शनवर बोलली गेलेली मराठी हाही त्याच भाषेचा ठेवा आहे.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आपल्या जुन्या मराठी कार्यक्रमांपैकी काय शिल्लक आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची पूर्ण यादी जाहीर करावी. जे नष्ट झालं त्याचीही नोंद त्यात असावी. दुसरी, कलावंत, तंत्रज्ञ आणि प्रेक्षकांच्या घरी असलेल्या संहिता, छायाचित्रं, कॅसेटी आणि व्हिडिओ फिती यांच्यासाठी जाहीर आवाहन करावं, आणि आलेल्या वस्तूची प्रत काढून मूळ वस्तू मालकाला परत द्यावी. तिसरी, त्या वर्षांतले निर्माते, कॅमेरामन, नेपथ्यकार आणि नट यांच्या सविस्तर मुलाखती राज्य शासनाच्या मदतीने चित्रित कराव्यात. यातली बहुतेक माणसं आज वयोवृद्ध आहेत. हे काम पाच वर्षांनी सुरू करतो म्हटलं, तर विचारायला कुणी उरणार नाही.

वाचकांनाही विनंती आहे. माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा, आणि वाहिनीला पत्र लिहा. शे-दोनशे पत्रं आली तर त्यांची दखल घ्यावीच लागते. पहिली यादी येत्या २८ ऑगस्टला, कर्वे यांच्या स्मृतिदिनी, प्रसिद्ध व्हावी. तसं ठरलं तर ती चाळून, टाइप करून, तपासून देण्याच्या कामाला मी विनामोबदला यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी पुष्कळजण येतील याची मला खात्री आहे.

आपला,
एक वाचक, मुंबई