लशीला शिव्या, कोविडला माफी?

ट्रेडमिलवर धावता धावता कोसळलेल्या तरुणाचा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. खाली ठरलेली कमेंट, 'लशीचा परिणाम!' आमच्या ग्रुपवर तर एका मित्रानं जाहीरच केलं, 'आता कुठलीच लस घेणार नाही.'

जुलै २०२५मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हार्ट अटॅकनं झालेल्या मृत्यूंनंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनीही लशीवर शंका घेतली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती लगेच फेटाळली. कशाच्या जोरावर?

एक आधार होता आयसीएमआरच्या अभ्यासाचा. देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट असलेल्या ७२९ जणांचे अचानक झालेले मृत्यू तपासले गेले. त्यांची तुलना साधारण त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जणांशी केली. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो उलट कमी होता. मग जास्त कुणाला? कोविडमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्यांना, घरात कुणाचा असाच अचानक मृत्यू झालेल्यांना. शिवाय आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू, नशा किंवा खूप दमवणारा व्यायाम, हेही होतंच.

लशींचे दुष्परिणाम नसतातच असं नाही. दुर्मीळ का होईना, ते नोंदले गेलेत. पण विषाणूचा हिशेब आपण मांडतच नाही. कोविडमधला दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करू शकतो, गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. फेब्रुवारी २०२२मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. कोविड झालेल्या दीड लाखांहून जास्त लोकांमध्ये वर्षभरात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक होता. दाखल न झालेल्यांमध्येही तो वाढला होता. अर्थात, ते बहुतेक साठीच्या आसपासचे पुरुष. विशीतल्या आपल्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. म्हणजे घाबरायचं नाही, पण विचारायचं जरूर.

काय विचारायचं? कोविडमध्ये मी अॅडमिट होतो का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? उत्तर 'हो' असेल तर मॅरेथॉन, नऊ रात्री गरबा किंवा जिमचं नवं पॅकेज, काहीही सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, व्यायाम करताना चक्कर आली तर 'अॅसिडिटी असेल' म्हणून सोडून देऊ नका.

त्या मित्रालाही हेच विचारलं. दुसऱ्या लाटेत तो दहा दिवस अॅडमिट होता. डॉक्टरांना हे सांगायला हवं, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.