वाचवणाराच जायबंदी झाला, तर गाव काय करणार?

विहिरीत माणूस पडला की गावात पहिली हाक कुणाला जाते? अग्निशमन दलाला नाही. तालुक्याची गाडी निघून पोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. हाक जाते ती गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला. घरात साप निघाला की सर्पमित्राला, गंजीला आग लागली की मोटार चालू करून पाइप ओढणाऱ्या चार पोरांना. ही माणसे पगारी नाहीत. हातातले काम टाकून येतात, आणि काम फत्ते झाले की गाव त्यांच्या पाठीवर थाप मारून घरी जाते.

पण यातलाच एखादा पाय मोडून अंथरुणाला खिळला तर? प्रश्न कडू आहे, पण आज ना उद्या प्रत्येक गावाला त्याचे उत्तर द्यावे लागणार आहे.

दोन घटना आठवा

नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी एप्रिल २०२४ मध्ये शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत सहाजण आत गेले. पाचजण गेले, एक वाचला. त्याच्या कमरेला दोर होता. एवढाच काय तो फरक.

त्यानंतर दीड महिन्यात, मे २०२४ मध्ये, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. दलाचे तीन जवान गेले. त्या बोटीत मदतीला एक स्थानिक माणूसही होता, हे ध्यानात ठेवा. पाण्याला वर्दी कळत नाही. सरकारी कागदाला मात्र ती बरोबर कळते. वर्दीवाल्याच्या मागे खाते उभे असते. गावच्या माणसाच्या मागे कोण?

कागदावर काय मिळते?

काहीच मिळत नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, २०२३ च्या निर्णयानुसार, मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक हात, पाय वा डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. पाण्यात बुडणे, सर्पदंश, विजेचा धक्का हे सारे त्यात येते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत.

पण मेख इथेच आहे. ही योजना सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एकजण यांच्यासाठी आहे. आता आपल्याच गावात बघा. डोहात सूर मारणारा बहुधा भोई, कोळी, भिल्ल वस्तीतला असतो. त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. म्हणजे वाचवायला तो पुढे, आणि योजनेत मात्र तो बाहेर.

पूर आला, दरड कोसळली तर आपत्ती निधीचे निकष लागतात. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत मृताच्या वारसाला ४ लाख रुपये होते, आणि त्यात मदतकार्यात गेलेल्यांचा स्पष्ट उल्लेख होता. जखमीला काय? आठवड्यापेक्षा जास्त दवाखान्यात राहावे लागले तर १६ हजार, कमी राहिला तर ५ हजार ४००. एरवीच्या विहिरीतल्या अपघाताला तर हे निकषही लागत नाहीत.

सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै २०२५ मध्ये केली. तुमच्या गावच्या सर्पमित्राच्या हातात कार्ड पडले का, हे एकदा त्यालाच विचारा.

मोडला, पण तुटला नाही

या साऱ्या योजना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट दिसते. त्या मेलेल्याचा विचार करतात, अवयव गमावलेल्याचा करतात. पण ज्याचा पाय मोडला, मणका सरकला, सहा महिने उठता येत नाही, पण सगळे अवयव जागेवर आहेत, त्याला अपघात विम्यातून जवळजवळ काही नाही. हात तुटला तर लाख रुपये, हात मोडला तर शून्य!

दवाखान्याचा खर्च एक वेळ निघतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली असून तिची मर्यादा वर्षाला ५ लाखांची आहे. मात्र दवाखाना योजनेतला हवा आणि उपचार तिच्या यादीतला हवा. पण दवाखान्यातून घरी आल्यावर पुढे काय? पेरणी कोण करणार, दूध डेअरीला कोण घालणार, रोजंदारी बुडाली तर किराणा कुठून येणार? खरी मार बसते ती इथे. आणि ही जागा कुठलीही योजना भरून काढत नाही. ती गावानेच भरायची आहे.

गावाने काय करावे?

पहिले काम पोलीस पाटलांचे. अपघात झाला त्याच दिवशी ठाण्यात खबर द्यावी आणि 'दुसऱ्याला वाचवताना इजा झाली' हे पंचनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावे. दवाखान्याच्या केसपेपरवरही तेच यावे. महिनाभराने कागद गोळा करायला निघणे म्हणजे वरातीमागून घोडे.

दुसरे, ग्रामपंचायतीने अशा माणसांची यादी करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही तो भरता येतो. सातबारा लागत नाही. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायम अपंगत्व आल्यास १ लाख. दहा माणसांचे २०० रुपये होतात. एका सत्कारातल्या हारतुऱ्यांना याहून जास्त लागतात.

तिसरे, इर्जिक. अडलेल्या शेतकऱ्याचे रान साऱ्या गावाने मिळून नांगरून द्यायचे, ही आपली जुनी रीत. ट्रॅक्टर आल्यावर ती मागे पडली. जायबंदी झालेल्याची पेरणी, खुरपणी, काढणी गावाने वाटून घ्यावी. तो भूमिहीन असेल तर जत्रेच्या वर्गणीतून, गणेश मंडळाच्या शिलकीतून त्याच्या घरी महिन्याचा किराणा जावा. हे उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून द्यावे.

चौथे, आणि सगळ्यात स्वस्त: ग्रामपंचायतीत शंभर फूट जाड दोर, दोन हवा भरलेल्या ट्यूब आणि एक बॅटरी कायम ठेवा. स्लरीच्या किंवा बंद पडलेल्या विहिरीत दोराशिवाय कोणी उतरायचे नाही, असा ठराव करा. तिथला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. वाचवणाऱ्याला इजाच होऊ न देणे ही त्याला केलेली पहिली मदत.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील मंडळी, १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या आधी येते. हा विषय त्या दिवशीच्या पत्रिकेवर घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, त्यांनी नाही घेतला तर तुम्ही उभे राहून मांडा. पुढच्या वेळी विहिरीच्या काठावरून हाक जाईल, तेव्हा धावत येणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असले पाहिजे की आपल्याला काही झाले तर आपले रान पडीक राहणार नाही आणि घरची चूल विझणार नाही.