विसराळू साक्षीदार

बाजारात भाव करण्यात आपण कोणाला हार जात नाही. वांगे घेताना देठ पाहतो, कापड घेताना पोत चिमटीत धरतो, तांदूळ घेताना दोन दाणे दाताखाली फोडून बघतो. पण मेमरी कार्ड घ्यायला गेलो की ही सारी चौकसबुद्धी कुठे जाते कोण जाणे! तिथे आपले प्रश्न दोनच असतात. किती जीबी? आणि कितीला? दुकानदार दोन आकडे सांगतो, आपण पन्नास रुपये कमी करायला लावतो आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन घरी येतो. मोबाईलमध्ये गाणी भरायची असतील तर एवढे पुरेही पडते. पण तेच कार्ड गाडीच्या डॅश कॅममध्ये घालायचे असेल, तर हा सौदा महागात पडतो असे माझे स्पष्ट मत आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने त्याचा हिशेब मी येथे मांडणार आहे.

पुढच्या काचेला चिकटवलेला डॅश कॅम आता श्रीमंतांच्या गाडीपुरता राहिलेला नाही. चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या टॅक्सीत तो दिसतो, पुणे-बंगळूर महामार्गावरच्या मालमोटारीत दिसतो. तो घेताना लोक चार दुकाने फिरतात, चित्र किती स्वच्छ येते, रात्री नंबरप्लेट वाचता येते का, हे सारे पाहतात. मग शेवटी ‘एक कार्डपण द्या’ म्हणून जे हाताला येईल ते घेतात. वास्तविक कॅमेरा हा नुसता डोळा आहे. पाहिलेले लक्षात ठेवणार आणि वेळ आल्यावर सांगणार ते कार्ड. ‘साक्षी’ हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे, तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना माझे म्हणणे एकाच शब्दात कळेल. साक्षीदारच विसराळू निघाला, तर डोळे कितीही तीक्ष्ण असून उपयोग काय?

ही साक्ष किती मोलाची असते ते कायद्याच्या भाषेत पाहू. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागलाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई ठरलेली आहे. घरातला कर्ता पुरुष गेला, तरी आकडा तोच. पण त्या वाहनाचा क्रमांक मिळाला, तर वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. तिथे मृताचे वय, त्याचे उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होऊन भरपाई ठरते. म्हणजे एखाद्या कुटुंबाची पुढची वीस वर्षे नखाएवढ्या कार्डावर तो क्रमांक उमटला की नाही, यावर अवलंबून राहू शकतात.

आता हे कार्ड विसरते का, ते पाहू. आपली समजूत अशी की मेमरी कार्ड म्हणजे शाळेतली पाटी. लिहा, पुसा, पुन्हा लिहा, पाटीला काय होणार? खरे तर ते पाटीसारखे नसून वहीच्या पानासारखे आहे. खोडरबराने एकदा खोडले तर कळत नाही, दहा वेळा खोडले तर पान खरबरीत होते आणि पुढे एके दिवशी फाटते. या कार्डात जी फ्लॅश स्मृती असते, ती जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसला जातो हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव पडले म्हणतात. म्हणजे पुसणे हे तिच्या नावातच आहे! या स्मृतीच्या प्रत्येक सूक्ष्म घरात विजेचा थोडा भार कोंडलेला असतो, आणि तो आत-बाहेर करताना त्या घराची भिंत दर वेळी किंचित झिजते. पूर्वी एका घरात एकच अंश साठवीत, तेव्हा भिंत लाखभर वेळाही टिके. आता स्वस्ताईसाठी एका घरात तीन-तीन, चार-चार अंश कोंबतात. त्यामुळे जागा वाढली, भाव उतरला आणि आयुष्य काही हजारांवर, कधी काही शेकड्यांवर आले.

फोटो काढणाऱ्याला याचा त्रास होत नाही, कारण तो कार्ड वर्षातून चार वेळा पुसतो. डॅश कॅमचे तसे नाही. तो एक-एक, तीन-तीन मिनिटांचे तुकडे नोंदवत जातो आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. गाडी चालू आहे तोवर हे चक्र थांबत नाही. त्यात आपल्याकडचे ऊन! एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काचेजवळ हात लावून पाहावा म्हणजे कळेल. कोंडलेला भार उष्णतेने लवकर गळतो, आणि झिजलेल्या भिंतीतून तर अधिकच लवकर गळतो.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब. चांगला डॅश कॅम फुल एचडी चित्रणासाठी सेकंदाला २६ मेगाबिट लिहितो असे धरू. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून हे झाले सेकंदाला सव्वातीन मेगाबाइट, तासाला सुमारे पावणेबारा जीबी. टॅक्सी दिवसाला दहा तास धावली तर रोजचे लिखाण ११७ जीबी. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड साडेपाच तासांत भरते, आणि रोज जवळजवळ दोनदा पुसून लिहिले जाते. वर्षात तीनशे दिवस गाडी चालली, तर तीन हजार तास भरले. त्याच गाडीत १२८ जीबीचे कार्ड घातले, तर प्रत्येक घराच्या वाट्याला निम्मी झीज येते आणि कार्ड दुप्पट टिकते. मोठे कार्ड घ्यायचे ते जास्त चित्रण साठावे म्हणून नव्हे, तर झीज वाटली जावी म्हणून. मात्र आपला कॅमेरा किती जीबीपर्यंतचे कार्ड घेतो, हे आधी पाहिले पाहिजे.

हे तासांचे गणित कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. सतत चित्रणासाठी त्या वेगळी कार्डे काढतात. ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द वेष्टनावर पाहावा. सॅनडिस्कच्या ‘हाय एन्ड्युरन्स’ जातीतले ६४ जीबीचे कार्ड ५,००० तासांपर्यंत आणि १२८ जीबीचे १०,००० तासांपर्यंत टिकेल असे कंपनी सांगते. सॅमसंगने २०२२ साली आणलेल्या ‘प्रो एन्ड्युरन्स’च्या ६४ जीबी कार्डाला ३५,०४० तास सांगितले आहेत, म्हणजे अहोरात्र चालवले तर चार वर्षे. आपल्या टॅक्सीच्या हिशेबात पहिले कार्ड एक वर्ष आठ महिने, दुसरे तीन वर्षे चार महिने आणि तिसरे अकरा वर्षांहून अधिक चालावे. कंपनीचे आकडे थोडे हात राखून घ्यावेत, पण निदान आकडा तरी आहे! साध्या कार्डावर तासांचा आकडाच नसतो. उलट अनेक कंपन्यांच्या साध्या कार्डांच्या हमीपत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की डॅश कॅम किंवा सीसीटीव्हीसारख्या सततच्या चित्रणाला ही हमी लागू नाही. हे वाक्य वेष्टनाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असायला हवे, आणि या भागात ते मराठीत आणि कन्नडमध्येही असायला हवे. पुढच्या बाजूला असतो तो भलताच आकडा, वाचनाचा वेग! चित्रणाला लागतो लिहिण्याचा वेग. ‘क्लास १०’ कार्ड सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिते, म्हणजे आपल्या गरजेच्या तिप्पट. ‘फोर के’ किंवा पुढे-मागे दोन कॅमेरे असतील तर ‘व्ही ३०’ घ्यावे, म्हणजे किमान ३० मेगाबाइट. त्यापुढच्या वेगासाठी पैसे मोजणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे चाक लावणे होय.

कार्ड बिघडते ते ओरडून सांगत नाही. काही कार्डे आयुष्य संपले की नवे लिहून घेणे बंद करतात, जुने मात्र वाचू देतात. एखाद्या वृद्ध आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न आठवावे आणि सकाळी काय जेवलो ते आठवू नये, तशी ही अवस्था. काही कॅमेरे बीप करून इशारा देतात, काहींचा लाल दिवा तसाच लुकलुकत राहतो. आमच्या गल्लीतले एक काका दुसऱ्याच्या मालकीची टॅक्सी चालवतात. उलट्या बाजूने आलेल्या दुचाकीने त्यांच्या गाडीला धडक दिली. काका निर्धास्त होते, कारण कॅमेरा होता. कार्ड लॅपटॉपला लावले तेव्हा त्यात शेवटचे चित्रण निघाले तीन आठवड्यांपूर्वीचे! चूक कोणाची ते सिद्ध झाले नाही, आणि दुरुस्तीचे पैसे मालकाने काकांच्या पगारातून हप्त्याने कापले. कार्ड मालकाने आणलेले, स्वस्तातले.

माझा खरा आक्षेप इथे आहे. कार्डावर काटकसर करणारा एक आणि त्याची किंमत भरणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. टायर झिजले तर मालक बदलतो, कारण टायरची झीज डोळ्यांना दिसते आणि हिशेबाच्या वहीत ती घसारा म्हणून लिहिली जाते. कार्डाची झीज दिसत नाही, म्हणून ती कुठेच लिहिली जात नाही. माझ्या मते कार्ड हे टायरइतकेच झिजणारे साधन आहे, त्याचा खर्च गाडीच्या खर्चात धरावा आणि मुदत भरली की ते चालत असले तरी बदलावे. कार्ड निकामी निघाले, तर त्याचा भुर्दंड चालकावर बसता कामा नये.

यावर आमच्या वर्गातले मित्र विचारतील, स्वस्त कार्ड घेऊन दर सहा महिन्यांनी बदलले तर? प्रश्न रास्त आहे. अस्सल साधे कार्ड नेमाने बदलणारा माणूस फसेलच असे नाही. पण ज्या वस्तूवर आयुष्याचा आकडाच नाही, ती केव्हा बदलायची हे कशावरून ठरवणार? आणि सहा महिन्यांनी आठवणीने बदलणारा माणूस मला दाखवा! दर जीबीमागे किती रुपये हा हिशेब सोडून चित्रणाच्या दर तासामागे किती पैसे हा हिशेब मांडला, की महाग कार्डच स्वस्त निघते.

आणखी एक धोका म्हणजे बनावट कार्डे. यांत आतली चिप खोटे बोलायला शिकवलेली असते. असते आठ जीबी, सांगते १२८. आठ भरेपर्यंत सारे सुरळीत, पुढचे लिखाण हवेत जाते किंवा आधीच्याच लिखाणावर पडते. म्हणून कार्ड बिल घेऊन घ्यावे आणि पहिल्याच दिवशी तपासावे. ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ किंवा ‘एफ थ्री’ या मोफत आज्ञावल्या कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. दोन-चार तास लागतात, पण लबाडी लपत नाही.

कार्ड घेतल्यावर त्याची निगाही राखली पाहिजे. बसवल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा, हवे ते चित्रण काढून घेऊन, कॅमेऱ्यातच ते फॉरमॅट करावे आणि दुसऱ्या दिवशी नवे चित्रण उमटले का ते उघडून पाहावे. धक्का बसला की चालू तुकडा पुसला जाऊ नये म्हणून कॅमेरा त्याला कुलूप घालतो. ही संवेदना फार तीव्र ठेवली, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा म्हणजे अपघात ठरतो आणि कार्ड कुलूपबंद तुकड्यांनीच भरून जाते. ती मध्यम ठेवावी.

अपघात झालाच, तर कार्ड काढून जपून ठेवावे आणि त्याजागी दुसरे घालावे. त्यासाठी एक जादा कार्ड गाडीत असू द्यावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत म्हणजे पुरावा नव्हे. २०१४ सालच्या जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी, पण प्रतीवर विसंबायचे तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून मूळ कार्डाला हात न लावणे हेच शहाणपण.

दुकानदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. गिऱ्हाईक जे विचारते तेच दुकानदार सांगतो. आपण जीबी विचारतो, तो जीबी सांगतो. आपण भाव विचारतो, तो स्वस्त माल पुढे ठेवतो. उद्या दहा गिऱ्हाइकांनी येऊन ‘हे कार्ड सतत चित्रणाला किती तास चालेल, आणि डॅश कॅममध्ये घातले तर हमी राहील का?’ एवढे दोनच प्रश्न विचारले, तर अकराव्याला ते न विचारता कळतील. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची कोणी ना कोणी व्यक्ती रोज रस्त्यावर गाडी चालवते. तिच्या काचेवरचे कार्ड कोणते आहे आणि ते केव्हा बसवले, एवढे आज घरी गेल्यावर जरूर विचारा.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष