गोत्र, गुणसूत्र आणि गणित

विवाह जुळविताना गोत्र कटाक्षाने पाहिले जाते. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथे समाजाची घरे मोजकीच. सोयरीक परभणी, नांदेड, वाशीमपर्यंत गेली तरी ज्ञातीचे वर्तुळ तेच राहते. गोत्र पित्याकडून येते. जनुके मात्र माता व पिता या दोघांकडून येतात. म्हणून गोत्रे भिन्न असूनही वधूवरांत एकाच दूरच्या पूर्वजाचे सदोष जनुक असू शकते.

अग्रवाल समाजाचे उदाहरण बोलके आहे. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या समाजातील एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षातच डोके मोठे होते. पुढे हळूहळू चालणे बिघडते, झटके येतात. आईवडील मात्र निरोगी असतात, कारण रोग अप्रभावी आहे.

अशा रोगाचे जनुक शोधण्यासाठी, रोगासोबत कोणती जनुकीय खूण वारशाने उतरते हे पाहतात. हा योगायोग की खरा संबंध, हे ठरविण्यासाठी न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये लॉड गुणांकाची पद्धत मांडली. खूण व जनुक असंबद्ध असल्यास ती एकत्र उतरण्याची शक्यता दर वेळी निम्मी. अगदी शेजारी असल्यास जवळपास पूर्ण. दहा वेळा अखंड साथ दिसली, तर संबंधाच्या बाजूचे पारडे १,०२४ पट जड होते. त्याचा लॉग सुमारे ३, आणि ३ हाच मान्यतेचा उंबरठा. गुणांक उणे २ च्या खाली गेल्यास तो भाग वगळतात. लॉग असल्यामुळे अनेक छोट्या कुटुंबांचे गुणांक खातेवहीतील रकमांप्रमाणे बेरजेत घेता येतात.

याच मार्गाने २००० मध्ये तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून या रोगाचे स्थान २२व्या गुणसूत्रावर निश्चित झाले. २००१ मध्ये एमएलसी१ हे जनुक सापडले. अग्रवाल रुग्णांत प्रामुख्याने एकच बदल आढळतो. समान पूर्वजाची ही साक्ष होय.

त्यामुळे आता वाहकचाचणी शक्य आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत बाधित अपत्याची शक्यता २५ टक्के असते. ज्या घरात असे बालक आहे, तेथे प्रथम त्याच्या जनुकातील नेमका बदल तपासून अहवाल जपून ठेवावा. मग भावंडांची चाचणी व जनुकीय सल्ला सुकर होतो. या माहितीवरून कन्येला वा कुटुंबाला दूषण देणे सर्वथा अनुचित होय.