तणस जाळायला धोरण आहे, भिंतीत रचायला का नाही?

मा. केंद्रीय ग्रामीण विकास मंत्री महोदय,


हे पत्र पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातून लिहीत आहे. ‘सर्वांना घर’ हे वचन सरकारने 2022 सालासाठी दिले होते. मग मुदत मार्च 2024 झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने आणखी दोन कोटी घरे मंजूर करून मुदत 2029 पर्यंत नेली. केंद्राच्या घरकुल योजनेची रक्कम मात्र 2016 ची तीच राहिली: सपाट भागात 1.20 लाख, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1.30 लाख. विटा, सिमेंट आणि सळईचे भावही तेव्हापासून जागीच थांबले आहेत, असे आपल्याला कुणी सांगितले आहे का?

आणखी एक वचन होते. घरकुले स्थानिक साहित्यात, स्थानिक हवामानाला साजेशी बांधता येतील, असे योजनेच्या चौकटीत लिहिले आहे. आपल्याच मंत्रालयाने ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला. त्या नावाचा विस्तार प्रकृती, हुनर, लोकविद्या असा आहे. मग ब्रह्मपुरीपासून आमगावपर्यंत घरकुले विटा-सिमेंटच्या एकाच साच्यातली का दिसतात? ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात कुठवर चढतो, ते आपल्या कार्यालयालाही ठाऊक असेल. मे महिन्यात स्लॅबखाली किंवा टिनाखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. घर पक्के झाले आणि माणसे दिवसभर झाडाखाली.

आमच्याकडे साहित्य नाही असे नाही. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आहे. जनावरांच्या तोंडचे काढून भिंतीत भरा, असे मी म्हणणार नाही. हाताने कापलेल्या धानाचे तणस गोठ्याकडेच जावे. पण हार्वेस्टर फिरला की बांधीत विस्कटलेले तणस उरते आणि पुष्कळदा ते काडी लावून संपवले जाते. तेच बेलरने दाबून गठ्ठे केले, उंच जोत्यावर लाकडाच्या किंवा बांबूच्या सांगाड्यात रचले आणि दोन्ही बाजूंनी माती-चुन्याचा गिलावा दिला, की उन्हाला आत येऊ न देणारी जाड भिंत तयार होते. अमेरिकेतील नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत लाकूड दुर्मीळ होते, म्हणून लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच अशी घरे बांधली. फ्रान्समधील मोंतार्जी येथे 1920 च्या सुमारास बांधलेले असे घर आजही उभे आहे.

आता आपले अधिकारी विचारतील, पेट घेतला तर? सुटे तणस भडकते. घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात हवाच कमी असते. अमेरिकेतील प्रमाणित चाचण्यांत मातीचा गिलावा दिलेली भिंत एक तास आणि सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याची दोन तास आगीपुढे टिकली. 2015 पासून तिथल्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत या भिंतींसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. 2005 च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात अशी घरे बांधली गेली. त्या पद्धतीचे घर 2009 मध्ये रेनो येथील नेवाडा विद्यापीठात कृत्रिम भूकंपाचे धक्के देऊन तपासले; ते कोसळले नाही. किल्लारीत 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे गेली, हे पाहिलेल्या राज्यातून मी विचारतो: भारतीय मानक ब्युरोकडे मातीच्या घरांसाठी मानक आहे, बांबूसाठी आहे; तणसाच्या भिंतीचे काय?

या चाचण्यांचे कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. अभियंता सज्जन होते. म्हणाले, ‘‘साहेब, जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, छताचा फोटो, तेव्हा हप्ता. भिंतीत तणस दिसले तर मी वर काय कळवू?’’ त्यांना दोष देत नाही. त्यांना वरून जे कळवले गेलेले नाही, ते कळवणे आपले काम आहे.

आणि वरून तणसाविषयी काहीच येत नाही, असेही नाही. वीजकेंद्रांनी कोळशासोबत पिकांच्या अवशेषांच्या कांड्या जाळाव्यात, असे धोरण 2021 मध्ये आले. आधी पाच टक्के, पुढे वाढवायचे. पंजाब-हरियाणात बेलरना अनुदान आहे. ते खाते आपले नाही हे खरे, पण मंत्रिमंडळ तर एकच आहे. जे तणस बॉयलरमध्ये घालायला सरकारची संमती आहे, तेच भिंतीत रचायला कुणाची संमती लागते?

अडचणी मलाही दिसतात. तणसाचा खरा वैरी पाणी. आमच्या पावसात छप्पर पुरेसे पुढे आले नाही, किंवा भिंतीला श्वास घेऊ न देणारा नुसता सिमेंटचा लेप दिला, तर गठ्ठे आतून कुजतील. वाळवी आणि उंदीर आहेतच. त्यासाठी गवंडी तयार करावे लागतील, आणि गवंडी प्रशिक्षण आपल्या योजनेत आहे. दुसरी अडचण मापाची. घरकुल किमान 25 चौरस मीटरचे. दीड फुटी भिंत बाहेरून मोजली तर खोलीच खाते. माप आतून धरण्याचा एक आदेश काढायला किती वर्षे लागतात? शिवाय मातीच्या ज्या जुन्या भिंती अजून भक्कम आहेत, त्यांना बाहेरून गठ्ठ्यांचा थर देऊन कवेलूचे छप्पर दुरुस्त करू पाहणाऱ्याला आपली योजना काय देते? नवे बांधा, एवढेच ती सांगते.

म्हणून धानपट्ट्यातल्या चार जिल्ह्यांत चार प्रायोगिक घरकुले मंजूर करावीत: दोन नवी, दोन जुन्या भिंतींवरची. तपासणी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून व्हावी आणि हप्ते अडू नयेत. खरिपाचे धान दिवाळीच्या आसपास निघते. गठ्ठे कोरडे ठेवायचे तर मंजुरी त्याआधी हवी. आणि पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, त्या घरांत आणि शेजारच्या स्लॅबच्या घरकुलात तापमापक घेऊन आपला अधिकारी पाठवावा. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
धानपट्ट्यातील एक नागरिक