ॲव्हरेज किती देते?

परवा गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला घरी गेलो होतो. रात्रीची जेवणं झाली होती, शेंगाचटणी अजून ताटात होती, आणि धाकट्याने विषय काढला. "दादा, ही गाडी विकून दुसरी बघायलोय. परत कॉमन रेलच घेऊ ना?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा उठून हात धुवायला गेले. एक शब्द बोलले नाहीत. पण जे काय बोलायचं ते त्यात आलंच! गेल्या वेळी सल्ला माझाच होता.

आमच्या घरी गाडी म्हणजे पोट. सोलापूर-अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या. आप्पांनी आधी डीआय इंजिनची जीप चालवली, मग बरीच वर्षं जुनी डिझेल इंडिका. प्रत्येक वेळी टाकी भरली की आकडा वहीत. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांच्या हिशेबात इंडिका लिटरला १४ द्यायची. २०१९ मध्ये धाकट्याला मी सेकंडहँड इंडिका व्हिस्टा घ्यायला लावली, क्वाड्राजेट इंजिनची. ती साडेसतरा देऊ लागली. रोजचे १७५ किलोमीटर धरले तर साडेबारा लिटरऐवजी दहा लिटर. तेव्हा डिझेल सत्तरच्या घरात होतं. म्हणजे महिन्याला चार हजारांवर बचत. मी पुण्यात बसून कॉलर ताठ करून फिरत होतो. :)

आता हा फरक येतो कुठून? जुन्या इंडिकाचं इंजिन 'इनडायरेक्ट' पद्धतीचं. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटतं आणि मग अरुंद तोंडातून बाहेर येतं. आवाज कमी होतो, पण त्या खोलीच्या भिंती उष्णता खातात आणि अरुंद तोंडातून हवा आत-बाहेर ढकलण्यातही ताकद जाते. चुलीवरचा तवा सोडून भिंतच तापवण्यासारखं आहे हे. डिझेल थेट पिस्टनवर मारलं, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, की साधारण १५ टक्क्यांच्या आसपास इंधन वाचतं.

गंमत म्हणजे आप्पांच्या जीपवर 'डीआय' लिहिलेलं असायचं ते हेच. ट्रक, ट्रॅक्टर, शेतातली ऑइल इंजिनं फार आधीपासून डायरेक्टच होती. कॉमन रेलने ते शोधून काढलं नाही. जुन्या पंपात दाब इंजिनच्या वेगावर अवलंबून असायचा. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत डिझेल कायम दाबाखाली भरून ठेवतात आणि कॉम्प्युटर सांगेल तेव्हा, सांगेल तेवढंच सोडतात, एका स्फोटासाठी दोन-तीन हप्त्यांतसुद्धा. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये ही पद्धत मोटारीत पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हाच दाब १३५० बारच्या आसपास होता. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो! त्यामुळे डिझेलचं अगदी धुकं होतं, धूर घटतो, खडखडाट कमी होतो, आणि जे इंजिन पूर्वी ट्रकमध्येच सहन व्हायचं ते मोटारीत बसवता येतं.

म्हणून माझं मत असं की 'कॉमन रेल म्हणजे ॲव्हरेज' हे अर्धंच खरं. मोठी उडी इनडायरेक्टवरून डायरेक्टवर आल्याची. डीआय जीपशी तुलना केली तर नुसत्या कॉमन रेलने इंधनात पडणारा फरक बराच लहान असतो. आमच्या साडेतीन किलोमीटरमध्ये लहान इंजिनाचा आणि टर्बोचाही वाटा होताच.

आणि दुसरं अर्धं मला २०२१ मध्ये कळलं. तुळजापूरच्या घाटात गाडी थरथरायला लागली आणि बंद पडली. कुठल्यातरी पंपावर डिझेलमधून पाणी आलं होतं. चारही इंजेक्टर गेले. बिल ४४ हजार. म्हणजे दहा महिन्यांची बचत एका दुपारी संपली. या इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, पाणी आणि कचरा त्यांना अजिबात चालत नाही. फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडायचं, फिल्टर लांबणीवर टाकायचा नाही, हे मी धाकट्याला सांगितलंच नव्हतं. मी फक्त ॲव्हरेज सांगितलं होतं.

आप्पांची जीप अशी बंद पडली की ते स्वतः पाइप सैल करून, हाताने पंप मारून हवा काढायचे आणि प्रवाशांचा चहा होईपर्यंत निघायचे. फारच झालं तर नोझल बदलायची.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' मला मान्य नाही. जोर यावा म्हणून पंप वाढवून घेतलेल्या जीपमागून निघणारा तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, आपल्याच पैशाचं. आप्पा तोंडाला पंचा बांधून त्या धुरात उभे असायचे. तो धूर वहीत कुठल्याच पानावर लिहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तसल्या पंपाची नवी गाडी मिळतही नाही, आणि ते बरंच झालं.

म्हणून धाकट्याला यंदा सांगितलं, कॉमन रेलच घे. पण लिटरला किती देते एवढंच विचारू नकोस, किलोमीटरला किती रुपये पडतात ते मांड. त्यात फिल्टर धर, खात्रीच्या पंपावरचंच डिझेल धर, आणि इंजेक्टरसाठी महिन्याला हजार रुपये बाजूला टाक.

मी घेतलेला कागद आप्पांनी उलटसुलट पाहिला. म्हणाले, "हे मागल्या टायमाला का नाही लिवलास रे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. सकाळी निघताना पाहिलं, तर तो कागद त्यांनी चालू वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता.